शेंडेनक्षत्राचा एक्स-रे

तात्या,

आज सकाळी डार्करूमच्या फरशीवर मी पाणी मारलं नाही. तुम्ही असता तर पिशवी खुंटीला लावायच्या आधी दारातूनच विचारलं असतं, "हौसा, पाणी मारलंस का?" थंडी सुरू झाली की रोज विचारायचात. आता विचारणारं कोणी नाही म्हणून मी आळस केला, असं समजू नका. मुद्दाम मारलं नाही. का ते सांगायलाच हे लिहायला बसले आहे.

लिहिते आहे ते फिल्मच्या डब्यातल्या कागदांवर. दोन फिल्मांच्या मध्ये असतात ते पातळ कागद. तुम्ही टाकून द्यायला सांगायचात आणि मी पिशवीत घालून घरी न्यायचे. तुम्हाला वाटायचं, चूल पेटवायला नेते. एकही कागद चुलीत गेला नाही. दुपारी डबा खाताना तुम्ही जे सांगायचात ते संध्याकाळी आठवेल तसं मी यावर उतरवून ठेवायचे. सूर्याचं, विजेचं, किरणांचं. चौथीनंतर माझा हात लिहायचं विसरून गेला असता. हेही तुम्हाला कधी सांगितलं नाही. पण आज सांगायचं आहे ते याहून मोठं आहे.

तुम्ही गेल्याला आज तेरा दिवस झाले. दहाव्याला मी लासुर्ण्याला तुमच्या घरी आले होते. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. बायका म्हणत होत्या, किती शांत माणूस, कधी आवाज चढला नाही. मी मान हलवली, पण मनात म्हटलं, यांनी तात्यांना त्या बर्फाच्या गोळ्यावरून भांडताना पाहिलेलं नाही. माझ्या पिशवीत तेव्हा तुमचा विज्ञानाचा अंक होता. दर महिन्याला दवाखान्याच्या पत्त्यावर तुमच्या नावानं यायचा तोच. तुम्ही गेल्यावर सहाव्या दिवशी पोस्टमनने आणून दिला. वेष्टनावर तुमचं नाव. मला फोडायचा काही अधिकार नव्हता, तरी मी फोडला. आणि तात्या, त्यात उत्तर आलंय. आपल्या भांडणाचं उत्तर. एवढी मोठी गोष्ट पिशवीत घेऊन मी दुखवट्याच्या घरात गप्प बसले होते. हसू येत होतं आणि रडूही येत होतं. शेजारची बाई म्हणाली, लई जीव लावला व्हता वाटतं. व्हय म्हटलं.

आता पहिल्यापासून सांगते. तुम्हाला अर्धं माहीत आहे, पण जे माहीत नाही ते मधेच कुठेतरी बसतं.

बारामतीच्या या दवाखान्यात मी झाडायला लागले, तेव्हा एक्स-रेच्या खोलीशी माझा संबंध फक्त केरसुणीपुरता होता. मग फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरच्या पाण्यानं तुमच्या बोटांची सालं निघायला लागली. दोन महिने तुम्ही तेल लावून बघितलं, हातमोजे घालून बघितले. एक दिवस म्हणालात, "तुझं हात चिवट हायेत, मेंढक्याच्या पोरीचं. बघ जमतंय का." कॅसेटमध्ये, म्हणजे पेशंटमागे ठेवायच्या चपट्या पेटीत, नवी फिल्म भरायची, काढलेली फिल्म लाल दिव्यात क्लिपांना लावायची, डेव्हलपरमध्ये बुडवायची, धुवायची, चित्र पक्कं करायला फिक्सरमध्ये टाकायची. पंधरा दिवसांत मला जमलं. पण डॉक्टरसाहेबांना आपण सांगितलं नाही. कागदावर मी झाडणारीच राहिले आणि फिल्म तुम्हीच भरता असं सगळ्यांना वाटत राहिलं. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

लाल दिवाही बंद केला की डार्करूम किती काळी होते, तुम्हाला माहीत आहे. मला त्या काळोखाची भीती कधी वाटली नाही. लोकांत मला बोलता येत नाही. पोस्टात जायचं तरी पदराचं टोक चावते. तिथं मात्र मला कोणी बघत नव्हतं. जानेवारीच्या एका कोरड्या सकाळी लाल दिव्याचा बल्ब गेला. नवा आणायच्या आत तुम्ही बाहेरून ओरडलात, "एक मोठी फिल्म भर, छातीचा हाय." मी काळोखातच डबा उघडला, चाचपून फिल्म धरली आणि घाईत सर्रकन ओढली. फिल्म आणि कागद यांच्या मधून एक निळा उजेड निघाला. एवढासाच. झाडासारखा. बुंधा, फांद्या, त्यांना बारीक फांद्या. चमकला आणि गेला.

तात्या, मला लहानपण दिसलं त्यात. आम्ही शेळगावचे, पण दिवाळी झाली की बा मेंढरं घेऊन कोकणाकडं निघायचा आणि आम्ही सगळे मागून. म्हणून तर शाळा चौथीला सुटली. थंडीत निजायला घोंगडं अंगावर ओढलं की केसांत तडतड व्हायची आणि बारीक ठिणग्या उडायच्या. मी भ्यायचे. बा म्हणायचा, "भिऊ नगं. तुजं केस घोंगड्याचं कायतरी हिसकून घ्यायल्यात. दुसऱ्याचं घेतलं की असा उजेड पडतो." बाला काय माहीत होतं? काही नाही. मेंढरं कळायची त्याला. पण ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं होतं, आणि त्या सकाळी फिल्मनं कागदाचं काहीतरी हिसकावून घेतलं, एवढं मला आपोआप समजलं.

मग मी पुन्हा एक ओढली, बघायला. पुन्हा उजेड. दुसरी फिल्म डब्यात परत ठेवली आणि पहिली कॅसेटमध्ये भरून तुम्हाला दिली. एवढ्याशा उजेडानं फिल्मला काही होत असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. फिल्म उजेडासाठीच केलेली असते, हे मला शंभरदा सांगितलेलं असूनही.

तो सांगवीचा माणूस होता. सुकलेला, खोकणारा, बरोबर बायको. नवा बल्ब लावून मी ती फिल्म डेव्हलपरमध्ये हलवत होते. फासळ्या उमटल्या, हृदय उमटलं, आणि डाव्या छातीवर काळं झाड उमटलं. माझे हात ट्रेमध्ये तसेच राहिले. ते झाड मी पंधरा मिनिटांपूर्वी पाहिलं होतं.

ओलीच फिल्म डॉक्टरसाहेबांनी मागवून घेतली. तुम्ही तेव्हा दुसऱ्या पेशंटपाशी होता. डॉक्टरसाहेबांनी ती उजेडाच्या पेटीवर लावली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. डॉक्टर बोलला नाही की पेशंटची बायको काय समजते, ते मी दाराआडून पाहिलं. ती बाई तिथंच खाली बसली. पदरानं तोंड दाबून बसली. मी पुढे होऊन एक वाक्य बोलायला हवं होतं. बोलले नाही. तुम्ही आलात, एक नजर टाकलीत आणि म्हणालात, "साहेब, हे पेशंटला न्हाय, फिल्मला झालंय. थंडीत फिल्म जोरात ओढली की असं व्हतं. माझ्याकडनं ओढली गेली. दुसरा काढून देतो."

डॉक्टरसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "पंचवीस वर्षं काम करताय तात्या. घाम फोडलात त्या बाईला."

नव्या डब्यातल्या फिल्मवर दुसरा एक्स-रे स्वच्छ आला. साधा खोकला होता. ते दोघं गेले. तुम्ही मला एक शब्द विचारला नाही. दुसऱ्या दिवशी बादली आणून डार्करूमच्या फरशीवर तांब्यानं पाणी मारलंत आणि म्हणालात, हवेत ओल राहिली की फिल्मला बरं असतं, आता रोज मारत जा. बस्स. तुम्हाला माहीत होतं का, तात्या? ओढलेली फिल्म बघताच तुम्ही ओळखली, मग कोणी ओढली ते ओळखलं नसेल का? की त्या सकाळी तुम्हीही एखादी भरली होती आणि तुम्हाला खरंच स्वतःची चूक वाटली? याचा उलगडा मला आता कधीच होणार नाही. डॉक्टरसाहेब मात्र विसरले नाहीत. फिल्म हातात घेताना म्हणायचे, "आज झाड नाही ना उगवलं, तात्या?" तुम्ही हसायचात. मी पोछा पिळत राहायचे.

त्याच साली, पाडव्यानंतरच्या आठवड्यात ते शेंडेनक्षत्र आलं. तुम्ही धूमकेतू म्हणायचात. संध्याकाळी आठाच्या सुमाराला लाईट गेली आणि तुम्ही मला, वॉर्डातल्या पेशंटच्या माणसांना, सगळ्यांना गच्चीवर नेलं. सगळी बारामती अंधारात. उत्तरेला ध्रुवाजवळ पिंजलेल्या कापसासारखा डाग, आणि नीट बघत राहिलं की शेपूट लांबतच जायची. मला वाटलं, आभाळानं श्वास सोडलाय. एक म्हातारा म्हणाला, हे दिसलं म्हणजे काहीतरी वंगाळ होणार.

"वंगाळ काय न्हाय, आबा," तुम्ही म्हणालात. "धुळीत लोळलेला बर्फाचा गोळा हाय. जत्रंत बर्फाचा गोळा खाऊन कधी वंगाळ झालंय का?"

"घसा बसला व्हता की," म्हातारा म्हणाला. अंधारात सगळे हसले. तुम्हीच सगळ्यात जास्त हसलात.

दोन-तीन आठवड्यांनी पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. त्या धूमकेतूकडून एक्स-रे येतात. अवकाशात फिरणाऱ्या दुर्बिणीला दिसले. तुम्ही चहा तसाच टाकून पेपर घेऊन डार्करूमच्या दाराशी आलात आणि दार ठोठवायला लागलात. आत फिल्म उघडी होती, मी दार उघडू शकत नव्हते. तुम्ही दाराबाहेरूनच वाचून दाखवलंत. मी आत लाल उजेडात, हातात कोणाच्या तरी गुडघ्याची फिल्म, आणि दाराच्या फटीतून तुमचा आवाज येतोय.

"हौसा, एक्स-रे कसं तयार व्हतात?"

मी पाठ केल्यासारखं सांगितलं. मशिनीत तार तापते, तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, ऐंशी हजार व्होल्टच्या जोरानं ते धातूवर आपटतात, आपटले की एक्स-रे.

"बरोबर. आता मला सांग, त्या बर्फात तार कुठाय? त्याला लाईट कुणी दिली?"

त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं. इतका आनंद मला भांडणात कधी झाला नव्हता. घरात भांडण म्हणजे मी गप्प. तुमच्याशी मात्र मी बोलायचे, जेवणाच्या सुट्टीत, तुमच्या डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीवर हात मारत. तुमचं म्हणणं पक्कं होतं. सूर्यातूनही एक्स-रे निघतात, ते धूमकेतूच्या धुळीवर पडतात आणि उधळतात. आपण पेशंटवर सोडलेले किरण त्याच्या अंगावरून चारी बाजूंना उधळतात, म्हणून तर आपण शिशाच्या भिंतीआड उभे राहतो. तसंच. "बर्फ काय करत न्हाय. बर्फ पेशंट हाय. मशीन सूर्य हाय." हे तुमचं वाक्य. मला ते इतकं आवडलं की मी दोन दिवस मानलं.

मग तुमच्या अंकात त्याच्यावर पान भरून आलं, आणि तुमचंच तोंड उतरलं. धुळीवरून इतके एक्स-रे उधळतील असं कोणाच्या हिशेबात नव्हतं, त्याहून कितीतरी जास्त दिसले होते. तुम्ही वाया गेलेल्या फिल्मवर पांढऱ्या पेन्सिलनं चित्र काढलंत. मधे गोळा, आणि सूर्याच्या बाजूला, गोळ्याच्या पुढे, चंद्रकोरीसारखा उजेड. शेपटीकडे काही नाही. वर तो उजेड काही तासांत कमीजास्त होतो.

"ही धूळ काय तासातासाला कमीजास्त व्हतीय का?" तुम्ही स्वतःलाच विचारलंत.

तुम्हीच मला सांगितलं होतं की सूर्याकडून सारखा वारा सुटलेला असतो. आपल्यासारखा हवेचा नाही, विजेनं भारलेल्या कणांचा, आणि तो एकसारखा नसतो, झोताझोतानं येतो. मी चित्राकडे बघत होते. कोर सूर्याच्या तोंडाला. वारा जिथं पहिल्यांदा गाठतो तिथं. माझ्या डोक्यात निळं झाड चमकलं.

"वारं कमीजास्त व्हतं, तात्या," मी म्हटलं. "त्ये घासत असंल त्याला."

तुम्ही मोठ्यानं हसलात. "घासून एक्स-रे? बर्फ काय घोंगडं हाय का, हौसा?"

तात्या, तुम्ही माझ्या मनातलाच शब्द उचलून माझ्यासमोर ठेवलात. पुढचं वाक्य ओठांवर होतं. व्हय, घोंगडंच. पण तुम्ही विचारलं असतं, तुला कसं कळलं? मग निळं झाड सांगावं लागलं असतं. काळोखात ओढलेली फिल्म, पुन्हा मजेखातर ओढलेली दुसरी, सांगवीची ती बाई, आणि तीन महिने तुम्ही माझ्यासाठी खाल्लेली बोलणी. माझ्या उत्तराला एकच दार होतं आणि त्या दारात माझी चूक उभी होती. मी डबा बंद केला आणि उठले.

तुम्हाला वाटलं, मेंढक्याची पोर म्हणून मी हिणवलं असं हिला वाटलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही खाली मान घालून म्हणालात, "मी तुला हसलो न्हाय. तुज्या माणसांना तर न्हायच न्हाय." मी म्हटलं, तसं काय न्हाय. पण तुमच्या मनातून ते गेलं नाही. त्यानंतर घोंगडं हा शब्द तुम्ही माझ्यासमोर कधी काढला नाही. थंडीत दवाखान्यात कोणी घोंगडं पांघरून आलं तरी तुम्ही म्हणायचात, "ते पांघरूण काढून ठेवा." मला ते प्रत्येक वेळी टोचायचं. न केलेल्या चुकीचं ओझं तुम्ही दुसऱ्यांदा माझ्यामुळे वाहत होता आणि मी बघत होते.

पुढच्या वर्षी दुसरा धूमकेतू आला, तो तर दिवस मावळला की कोणालाही दिसायचा. पहिल्यापेक्षा ठसठशीत. आपण पुन्हा गच्चीवर. मावळतीच्या अंगाला अजून तांबडं होतं. तुम्ही कठड्याला टेकून म्हणालात, "गेल्या साली तू कायतरी म्हनत व्हतीस. वाऱ्याचं. ते अर्धंच राहिलं. सांग पुढं."

एवढं सरळ तुम्ही विचारलंत. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी म्हटलं, "काय न्हाय, तात्या. असंच." तुम्ही थोडा वेळ वाट बघितलीत. मग म्हणालात, बरं, सुचलं की सांग. आणि एसटी चुकेल म्हणून खाली उतरलात.

आता तो अंक. मी तो तीनदा वाचला, अक्षर अक्षर लावून. लिहिलंय की सूर्याकडून येणाऱ्या वाऱ्यात ऑक्सिजन, कार्बन असल्या जड कणांचा थोडा भाग असतो. सूर्याच्या उष्णतेनं त्यांचे बहुतेक इलेक्ट्रॉन निघून गेलेले असतात. असे भुकेले कण धूमकेतूच्या बर्फातून सुटलेल्या वायूत घुसतात, आणि त्या थंड, शांत वायूचा एक इलेक्ट्रॉन हिसकावून घेतात. हिसकावलेला इलेक्ट्रॉन नव्या घरात वरून खाली पडत जातो आणि पडताना एक्स-रे टाकतो. तात्या, हिसकावून घेतात असंच छापलंय. माझ्या बाचा शब्द. मी तो वाचून जिना चढून गच्चीवर गेले, भर दुपारी, आभाळात काही नसताना. पायात चपला नव्हत्या. गच्ची तापली होती, तेही नंतर कळलं.

त्यात असंही लिहिलंय की हे अजून सगळ्यांनी मान्य केलेलं नाही. दुसरी कारणंही लोक मांडतात. वाऱ्यातले इलेक्ट्रॉन वायूवर आपटून एक्स-रे निघत असतील, आपल्या मशिनीसारखं. आणि तुमचं ते उधळण्याचंही आहे, अगदीच बारीक धूळ असेल तर थोडंफार होईल म्हणतात. म्हणजे तुम्ही हरला नाहीत पुरते. पण सूर्याकडची ती कोर आणि तासातासाचं कमीजास्त होणं या हिसकावण्यानं सगळ्यात चांगलं जुळतं. तुम्ही आता काय म्हणाल ते मला ऐकू येतंय. "हौसा, ठिणगीचा उजेड निराळा आन् एक्स-रे निराळा. कागद काय ऑक्सिजन हाय का?" नाही, तात्या. दोन्ही एकच आहे असं मी म्हणत नाही. घासण्याचं मी बोलले ते चुकीचंच होतं. पण एकानं दुसऱ्याचं हिसकावलं की उजेड पडतो, आणि तो बर्फाचा नसतो, हिसकावणाऱ्याचा असतो, एवढं माझ्या मनात होतं. कठड्यापाशी तुम्ही विचारलंत तेव्हा होतं. तुम्ही त्याच्यावर आणखी वर्षभर माझ्याशी भांडला असता. ते वर्ष मी तुमच्याकडून हिसकावून घेतलं, आणि त्यातून कसलाच उजेड पडला नाही.

म्हणून आज मी पाणी मारलं नाही.

तारीख उलटून गेलेल्या फिल्मांचा एक डबा तुम्ही मशीन तपासायला ठेवला होता, तो घेतला. लाल दिवा बंद केला. हवा इतकी कोरडी होती की साडी पायांना चिकटत होती. फिल्म धरली, मोठ्यानं म्हटलं, तात्या बघा, आणि ओढली. झाड आलं. त्या वेळेपेक्षा मोठं. मग मी ती डेव्हलपरमध्ये घातली, धुतली, वाळवली, आणि डॉक्टरसाहेबांच्या खोलीतल्या पेटीवर लावून दिवा चालू केला. निळसर, थोड्या धुरकट काचेसारख्या फिल्मवर नुसतं काळं झाड. मागे फासळ्या नाहीत, कोणी माणूस नाही.

डॉक्टरसाहेब आले. बाहेर बाकावर आठदहा पेशंट होते, दार उघडंच होतं. त्यांनी पेटीकडे पाहिलं.

"हौसाबाई, ही कुणाची? नाव नाही घातलेलं."

"माझी हाय, साहेब."

"तुमची? तुम्हाला काय झालंय?"

"मला काय न्हाय. फिल्म मी ओढलीया." मग जीभ सुटली. "आन् त्या सांगवीच्या माणसाची पण म्याच ओढली व्हती. तात्यांनी न्हाई. फिल्म मीच भरत हुते. त्यांची बोटं सोलली तवापास्नं."

ते खुर्चीत बसले. दोन वर्षं ते तुम्हाला झाडावरून बोलत होते, ते त्यांना आठवत असणार, कारण चेहरा तसा झाला होता. मला वाटलं, आता म्हणतील, केरसुणी ठेवून जा. त्यांनी विचारलं, "तात्यांना माहीत होतं?"

"मी सांगितलं न्हवतं."

"मग आज हे मुद्दाम कशाला केलंत?"

तात्या, मी सांगितलं. सगळं. बर्फ, सूर्य, वारा, कोर, बा, घोंगडं, अंकातली ओळ. उभ्यानं, हात हलवत, मधेच पेटीवरच्या झाडावर बोट ठेवून. पदराचं टोक माझ्या हातात नव्हतं. बाकावरची माणसं दारात येऊन उभी राहिली होती. ते मला दिसलं आणि तरी मी थांबले नाही. मग एक बाई म्हणाली, आमच्यात पण व्हतं की ओ, घोंगड्याचं. डॉक्टरसाहेबांनी फिल्म काढून खिडकीसमोर धरली.

"मी तात्यांना फार बोललो," ते म्हणाले. नंतर फिल्म माझ्या हातात दिली. "सोमवारपासून नवा माणूस येतोय, तोवर मशीन मी चालवतो. फिल्म तुम्हीच भरायच्या, आता सांगून. आणि हिच्यावर नाव घाला."

मी तुमची पांढऱ्या शाईची बाटली काढली. नेहमीसारखं कोपऱ्यात लिहिलं. नावाच्या जागी शेंडेनक्षत्र. वयाच्या जागी माहीत नाही. कोणी पाठवलं तिथं तुमचं नाव. मग बादली भरली आणि फरशीवर पाणी मारलं, कारण बाहेर आठदहा पेशंट थांबले होते.

कठड्यापाशी तुम्ही म्हणाला होतात, सुचलं की सांग. सांगते.

व्हय, तात्या. बर्फ घोंगडंच हाय.